पेत्र सुटला, याकोब गेला

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा बारावा अध्याय आपल्याकडे बहुतेक वेळा अर्धाच सांगितला जातो. हेरोद राजाने पेत्राला तुरुंगात टाकलं, मंडळी त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करत राहिली, देवदूत आला, साखळ्या गळून पडल्या, लोखंडी दरवाजा आपोआप उघडला. संडे स्कूलच्या पोरांनाही ही गोष्ट पाठ असते. पण त्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात आणखी एक नोंद आहे. याच हेरोदाने त्याआधी योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं होतं. एवढंच, एका ओळीत. हा याकोब कुणी परका नव्हता. पेत्र, याकोब आणि योहान हे येशूच्या सर्वांत जवळचे तिघे. याकोबाला धरून नेलं तेव्हा मंडळी हातावर हात ठेवून बसली असेल, असं मानायला काही आधार नाही. मग एक सुटला आणि दुसरा का गेला? पेत्राचा विश्वास मोठा होता, असं हे पुस्तक लिहिणारा लूक म्हणत नाही. याकोबाचं काही चुकलं होतं, असंही म्हणत नाही. तो कारणच देत नाही.

पुढचा भाग तर अधिकच बोलका आहे. सुटलेला पेत्र मार्काच्या आईच्या घरी येऊन दार वाजवतो. रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते आणि दार न उघडताच आत धावत जाऊन सांगते. प्रार्थनेला बसलेली मंडळी तिलाच वेड्यात काढतात. म्हणजे ज्यांची प्रार्थना ऐकली गेली होती, त्यांनाच ती ऐकली जाईल याची खात्री नव्हती. ‘विश्वास कमी पडला म्हणून उत्तर मिळालं नाही’ हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं असेल, तर हा प्रसंग लक्षात ठेवा.

हा लेख ज्यांनी मागितलं आणि ज्यांना मिळालं नाही, त्यांच्यासाठी आहे. आपल्या मुळशी तालुक्यात अशी घरं शोधावी लागत नाहीत. बावधन, हिंजवडी, माण, पिरंगुट या पट्ट्यात नोकरीच्या निमित्ताने राहायला आलेली ख्रिस्ती कुटुंबं आहेत. कुणाचं मूळ अहिल्यानगरकडचं, कुणाचं जालना-सोलापूरचं, कुणाचं वसईचं. रविवारी चर्च गाठायला पुण्यात किंवा पिंपरीत जायचं आणि आठवड्यातली प्रार्थनासभा कुणाच्या तरी फ्लॅटच्या हॉलमध्ये भरवायची. तिथे काय मागितलं जातं? आयटीतली गेलेली नोकरी परत मिळावी. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल व्हावं. आईच्या कॅन्सरची गाठ विरघळावी. मुलाची दारू सुटावी. गावाकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावरचा वाद मिटावा. काहींचं होतं, आणि ते पुढच्या सभेत उभं राहून साक्ष देतात. ज्यांचं होत नाही ते हळूहळू मागच्या खुर्चीवर बसू लागतात, मग येणंच बंद करतात. त्यांच्या न येण्याची चर्चा होते. त्यांच्या प्रार्थनेचं पुढे काय झालं, हे क्वचितच कुणी विचारतं.

एक प्रचलित उत्तर आधीच बाजूला ठेवतो. देव नेहमी उत्तर देतोच. कधी ‘हो’, कधी ‘नाही’, कधी ‘थांब’. सभांमध्ये हे वाक्य फार चालतं. मला ते अपुरं वाटतं. काहीही घडलं तरी जे वाक्य खरंच ठरतं, ते दुःखी माणसाला काहीच सांगत नाही. शिवाय ज्याचं मूल गेलं त्याच्या बाबतीत ‘थांब’ला अर्थ उरत नाही आणि ‘नाही’ म्हणणारा देव कोण, हा तर त्याचा मुख्य प्रश्नच असतो.

केडगावची १९०५ आणि केडगावची १९२१

मराठी ख्रिस्ती माणसाने या प्रश्नासाठी फार दूर जायला नको. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, दौंड तालुक्यात केडगाव आहे आणि तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचं आयुष्य मी न मिळालेल्या उत्तरांच्या बाजूने वाचायला सांगेन.

त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर पायी फिरत असे. मग दुष्काळ आला. जवळचा पैसा संपला, उपासतापास झाले, दानधर्म झाला, आराधना झाली. आणि आईवडील व थोरली बहीण उपासमारीने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास एवढेच मागे राहिले. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी हे सगळं मांडलं आहे. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत तेही पटकीने गेले. पदरात मनोरमा, वर्षाचीही झालेली नव्हती.

इथे काही उपदेशक घाई करतात. आधीच्या धर्मात प्रार्थना ऐकली गेली नाही, १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला आणि मग सगळ्या प्रार्थना ऐकल्या जाऊ लागल्या, अशी मांडणी ते करतात. ही मांडणी शेजाऱ्याच्या श्रद्धेचा अपमान करते, हा एक भाग. दुसरा भाग असा की रमाबाईंच्या पुढच्या आयुष्यातच ती टिकत नाही.

१९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी मुक्तीतल्या मुलींना रोज एकत्र येऊन प्रार्थना करायचं आवाहन केलं. आधी सत्तरेक जणी पुढे आल्या, मग ही संख्या काही शेकड्यांवर गेली. जूनमध्ये तिथे जी आध्यात्मिक जागृती झाली तिची वार्ता जगभर पोचली. आजही संजीवन सभांमध्ये केडगावची १९०५ सांगितली जाते आणि ती सांगावीच. पण त्याच केडगावात १९२१ चा जुलै महिनाही आला. मनोरमा चाळीस वर्षांची होती. शिकलेली, आईच्या कामात मुरलेली. मुक्तीची सूत्रं तिच्याकडेच जाणार हे ठरल्यासारखंच होतं. ती आजारी पडली आणि आईच्या आधी गेली. अहोरात्र प्रार्थना करणाऱ्या शेकडो जणी त्याच आवारात होत्या. मनोरमेच्या आजारपणात तिथे काय मागितलं गेलं असेल, ते सांगायला कागदोपत्री पुरावा कशाला हवा? तीच बाई, तीच जागा, तशाच गुडघे टेकणाऱ्या मुली. संजीवन सभेत मी १९२१ मात्र कधी ऐकलेली नाही.

त्यानंतर रमाबाई जेमतेम नऊ महिने जगल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून त्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या आणि मुक्तीच्याच छापखान्यात मुली ते छापत होत्या. मुलगी गेल्यावरही ते काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या; संपूर्ण बायबल छापून झालं ते १९२४ मध्ये. या नऊ महिन्यांत त्यांना ‘का’चं उत्तर सापडलं होतं, असा दावा मी करणार नाही.

रमाबाईंच्या बाबतीत आणखी एक मोह टाळायला हवा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुलींना आणून आसरा दिला. लहानपणी उपासमार भोगलेल्या बाईला त्या मुलींची भूक कळली, हे उघड आहे. पण म्हणून ‘या मुली वाचाव्यात यासाठीच देवाने रमाबाईंच्या आईला उपाशी मरू दिलं’ असं म्हणता येईल का? ज्या देवाला प्रार्थना करायची त्याच्याबद्दल असं बोलायला जीभ रेटू नये. दुःखातून पुढे चांगलं निघू शकतं. ते निघालं म्हणून दुःख देणारा हात चांगला ठरत नाही. हे दोन हिशेब वेगळे ठेवायचे.

ज्या गोष्टींचा शेवट गोड होतो

संत ऑगस्टिनची आई मोनिका हिची गोष्ट सुंदर आहे. ३८३ मध्ये मुलगा कार्थेज सोडून रोमला निघाला. तिथे तो आणखी वाहवत जाईल या भीतीने तिने रात्रभर प्रार्थना केली की त्याने जाऊ नये. तो तिला फसवून, रात्रीच जहाजात बसून गेला. इटलीतच पुढे त्याचं मन पालटलं आणि ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवलं की आईने त्या रात्री जे मागितलं ते नाकारून देवाने तिचं कायमचं मागणं पुरं केलं. अशी उदाहरणं खरी असतात. तुमच्याही आयुष्यात असं एखादं असेल: हुकलेली नोकरी, मोडलेलं लग्न, ज्याबद्दल आज तुम्ही आभार मानता.

पण मोनिकेला हे कळलं ते चार वर्षांनी, आणि कळेपर्यंत ती जिवंत होती. सगळ्यांना ही संधी मिळत नाही. म्हणून मोनिकेची गोष्ट स्वतःला सांगायला हरकत नाही. हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या दुसऱ्या माणसाला सांगू नका.

पवित्र शास्त्र स्वतः या बाबतीत आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. पौलाने शरीरातल्या एका त्रासातून सुटका व्हावी म्हणून तीनदा विनवणी केली. त्रास गेला नाही. तो सोसण्यापुरती कृपा मिळेल एवढं उत्तर आलं. तो त्रास नेमका कोणता, हेही त्याने लिहिलेलं नाही. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजारी बरे केले जात, त्याच पौलाला त्रफिम या सोबत्याला मिलेतात आजारी सोडून पुढे जावं लागलं. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर तर त्याने चक्क घरगुती उपाय कळवला. आणि येशू. गेथशेमाने बागेत त्याने हा प्याला टळावा म्हणून तीनदा मागितलं, मित्रांना सोबत जागायला सांगितलं, ते झोपले, आणि प्याला टळला नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात याच आक्रोशाबद्दल म्हटलं आहे की तो ऐकला गेला. ऐकला गेला, आणि तरी दुसऱ्या दिवशी क्रूस होताच. ‘माझ्या मनासारखं झालं नाही, म्हणजे देवाने माझं ऐकलं नाही’ हे समीकरण ख्रिस्ती श्रद्धेत खुद्द येशूच्याच बाबतीत बसत नाही. माझ्या लेखी या विषयातला सर्वांत भक्कम आधार हाच आहे. बाकीचे खुलासे मी सैल हातानेच धरतो.

आता काय करायचं

पहिलं काम तक्रारीचं. देवापुढे रडगाणं नको, आधी उपकारस्तुती करा, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं ही सरळ तक्रार आहेत. तेरावं स्तोत्र काढा. जेमतेम सहा वचनांचं आहे. आधी ‘किती काळ’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा, मग मागणं, आणि अगदी शेवटी विश्वासाचे दोन शब्द. एक साधी वही घ्या आणि याच क्रमाने स्वतःच्या भाषेत लिहा. प्रार्थनेची पुस्तकी मराठी वापरू नका. घरात ज्या बोलीत चिडता त्या बोलीत लिहा. शेवटचे दोन शब्द निघाले नाहीत तर ओढूनताणून लिहू नका. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा: ते अंधारातच संपतं, त्यात शेवटी उजेड आणलेलाच नाही. ज्या लोकांनी हे पुस्तक जपलं, त्यांनी ते तसंच राहू दिलं. तुमची प्रार्थनाही तशीच संपली तर चालेल.

वहीत प्रार्थनाविषय लिहून ठेवायची सवय अनेकांना असते: तारीख, मागणं, आणि तिसऱ्या रकान्यात ‘उत्तर’. त्या तिसऱ्या रकान्याचं नाव बदलून ‘पुढे काय झालं’ असं करा. फरक लहान वाटेल. पण ‘उत्तर’ या रकान्यात रिकामी जागा दिसली की ती टोचते, आणि मग माणूस ती भरायला कसलाही अर्थ शोधतो. ‘पुढे काय झालं’ मध्ये खरं ते लिहिता येतं: ऑपरेशन झालं, गाठ परत आली, धाकटी बहीण महिनाभर येऊन राहिली, झोप लागत नाही.

मागत राहायचं की थांबायचं, हा पुढचा प्रश्न. शास्त्रात दोन्ही सापडतं. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाच्या दारात जात राहते आणि येशू तिची बाजू घेतो. दुसरीकडे यार्देनेपलीकडचा देश बघायला मिळावा म्हणून मोशेने विनवलं, तेव्हा हा विषय पुन्हा काढू नकोस असं त्याला सांगितलं गेलं. पौल तीनदा मागून थांबला. ढोबळ मानाने एवढं सांगता येईल: ज्यात दुसऱ्याचा न्याय, सुटका किंवा जीव गुंतला आहे ते मागणं सोडू नका. दारू पिणाऱ्या मुलासाठी वीस वर्षं प्रार्थना करणाऱ्या आईला ‘आता पुरे’ म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. पण ज्या मागण्याने तुमचं रोजचं जगणंच अडवून धरलं आहे, तिथे मागणं बदलून पाहा. मूल व्हावं या प्रार्थनेशेजारी, आमच्या दोघांतलं बोलणं परत सुरू व्हावं, अशी दुसरी एक ठेवा. तुमची श्रद्धा त्यामुळे कमी होणार नाही. आजार बरा होण्याची वेळ निघून गेली असेल, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं असेल, तर वेदना कमी व्हाव्यात, निरोप नीट घेता यावा, यासाठी मागा. कॅथलिक घरांनी रुग्णाभ्यंगासाठी फादरना अगदी शेवटच्या घटकेला बोलावू नये. माणूस शुद्धीवर आहे, बोलतो आहे, तेव्हाच बोलवावं.

तिसरी बाजू अडचणीची आहे. काही प्रार्थनांची उत्तरं माणसांच्या हातात अडकलेली असतात. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक विचारतात, आम्ही उपास करतो तरी देवाचं लक्ष कसं नाही? उत्तर येतं की उपासाच्याच दिवशी तुम्ही मजुरांना पिळून काढता. याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीचाच आक्रोश देवाच्या कानी गेला आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर नवऱ्यांना बजावलं आहे की बायकोला मानाने वागवा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत अडथळा येईल. ही वचनं आपण दुसऱ्यांवर उगारतो. ती स्वतःला लावायची असतात.

मुळशीत राहून तर हे विसरताच येणार नाही. १९२१ साली, मनोरमा गेली त्याच वर्षी, १६ एप्रिलला रामनवमीच्या दिवशी इथे सत्याग्रह सुरू झाला. टाटा कंपनीच्या धरणाखाली मुळशी पेट्यातल्या मावळ्यांच्या भातजमिनी जाणार होत्या. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांनी लढा दिला, लोक तुरुंगात गेले, आणि धरण झालंच. त्या घरांतून आपापल्या देवापुढे काय मागितलं गेलं असेल? देवाने ऐकलं नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ते अर्ज मुंबईतल्या माणसांसमोर होते आणि निर्णय माणसांनी घेतला होता. आजही एखादी घरकामाची बाई पगार वेळेवर मिळावा म्हणून देवाला विनवत असेल, तर तिचं उत्तर तुमच्या फोनमधल्या पैसे पाठवायच्या ॲपमध्ये पडून असू शकतं.

डॉक्टर, औषध आणि पैसा

इथे स्पष्ट बोलतो. प्रार्थना करतो म्हणून औषध बंद करायला सांगणारा माणूस, तो कितीही मोठा सेवक असो, त्याचं त्या बाबतीत ऐकू नका. इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, मानसिक आजाराची औषधं, केमोथेरपी. यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायचं नाही. आवणीच्या दिवसांत भातखाचरात साप चावला तर आधी पौडचं ग्रामीण रुग्णालय किंवा जे जवळ असेल ते गाठा. प्रार्थना गाडीत करा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. या कायद्यात कुणा एका धर्माचं नाव नाही.

उत्तर मिळावं म्हणून पैसे मागणाऱ्यापासूनही दूर राहा. ‘अमुक रकमेचं बी पेरा, शंभरपट येईल’ किंवा ‘हे अभिषिक्त तेल एवढ्याला’ असं कुणी म्हटलं, तर उठून घरी या. दान द्यायचं तर प्रार्थनेशी सौदा न जोडता द्या. वांद्र्याच्या माउंट मेरीला लोक मेणाचे हात-पाय, मेणाची बाळं, मेणाची घरं वाहतात. त्यात एक भोळा जिव्हाळा आहे आणि मला तो खुपत नाही. फक्त पुढच्या वर्षी घर झालं नाही तर ‘मेण कमी पडलं का’ असा विचार मनात येऊ देऊ नका.

मन खचलं असेल तेव्हा एलीया आठवावा. राजांचा पहिला ग्रंथ, एकोणिसावा अध्याय. थकून, घाबरून तो झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. ती प्रार्थना देव पुरी करत नाही. उपदेशही करत नाही. त्याला झोपू देतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. जगणं नको असा विचार मनात घोळत असेल, झोप उडाली असेल, तर पाळकांना सांगा आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीत बोलता येतं.

वर्षानुवर्षं देवाची जाणीवच होत नाही, असंही होतं. मदर तेरेसांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रं वाचून अनेकांना धक्का बसला होता. कित्येक दशकं त्यांना आतून रितेपणच जाणवत होतं आणि तरी त्या रोज कामाला जात होत्या. कोरडेपणा आला म्हणून स्वतःला ढोंगी ठरवू नका. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर मंडळीने तयार ठेवलेले शब्द वापरा: प्रभूची प्रार्थना, जपमाळ, उपासना-संगीतातलं एखादं जुनं मराठी गीत. तेही जमलं नाही तर चर्चमध्ये जाऊन नुसतं बसा. बाकीचे म्हणत असतील.

दुसऱ्याच्या घरी जाताना

ईयोबाच्या मित्रांनी सुरुवात उत्तम केली होती. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. मग बोलायला लागले, आणि सगळं बिघडलं. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावतो. देवाची बाजू मांडणाऱ्यांवर. आपण सांत्वनाला जातो तेव्हा बहुधा आठव्या दिवसापासूनच सुरुवात करतो. ‘देवाची इच्छा’, ‘देवाला चांगली माणसं लवकर लागतात’, ‘घरात काही पाप राहिलंय का बघा’. यातलं शेवटचं तर कुणालाच कधीही म्हणू नका. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी नेमकं हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूने दोन्ही नाकारलं. बुरूज कोसळून अठरा माणसं मेली तेव्हाही, ती माणसं इतरांपेक्षा जास्त पापी होती का, या प्रश्नाला त्याने नाहीच म्हटलं.

मग करायचं काय? हॉस्पिटलात डबा पोचवा. मेडिक्लेमच्या कागदांसाठी रांगेत उभे राहा. मुलांना शाळेतून आणा. महिन्याभराने, सगळ्यांचे फोन थांबतात तेव्हा, फोन करा. २ नोव्हेंबरला कब्रस्तानात त्यांच्यासोबत जा. पहिल्या नाताळला त्यांना एकटं सोडू नका, पण त्यांनी नको म्हटलं तर आग्रहही धरू नका. प्रार्थना करायची असेल तर आधी विचारा, ‘करू का?’ आणि थोडक्यात करा. लांबलचक प्रार्थनेत आपण नकळत उपदेश करू लागतो.

घरातल्या लहान मुलांचं दुःख बहुधा कुणाच्या ध्यानात येत नाही. आजी बरी व्हावी म्हणून नातीने रोज रात्री हात जोडलेले असतात. आजी गेली की ती विचारते, मी नीट मागितलं नाही का? ‘देवाला आजी हवी होती’ असं उत्तर दिलंत तर तिला उद्या आईचीही भीती वाटेल. ‘तू अगदी नीट मागितलंस. तुझ्यामुळे काही झालं नाही. का झालं ते मलाही कळत नाही, मलाही रडू येतं. चल, दोघं मिळून देवाला सांगू’ एवढं पुरतं. पुढे महिनाभर तिने प्रार्थना नको म्हटलं तर तुम्ही तिच्याजवळ बसून करा, तिला हात जोडायला लावू नका.

घरगुती प्रार्थनासभा चालवणाऱ्यांना एक सूचना. साक्षीची वेळ असते तशी, ज्यांचं झालं नाही त्यांच्यासाठीही पाच मिनिटं ठेवा. बोलायची सक्ती नको. कुणी बोललं तर त्यावर वचन सांगायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. एखाद्याने तेरावं किंवा सत्त्याहत्तरावं स्तोत्र मोठ्याने वाचावं आणि सगळ्यांनी आमेन म्हणावं. व्हॉट्सॲप गटावरच्या प्रार्थनेच्या यादीतून जुनी नावं परस्पर गाळू नका. सहा महिने झाले, काही फरक नाही, म्हणून ॲडमिनने नाव काढलं तर त्या घराला आपल्याला सोडून दिल्यासारखं वाटतं. नाव ठेवायचं की काढायचं, आणि आता नेमकं काय मागायचं, हे ज्याचं नाव आहे त्यालाच दर महिन्याला विचारत जा.